न झालेल्या सप्तपदीचा कागद

माझं लग्न अर्ध्या तासात लागलं, आणि ते लागलंय हे पटवून देण्यात दोन वर्षं गेली. इतक्या वर्षांनी आता कुणाला बोल लावायचा, असं माझी मुलं म्हणतात. त्यांचं ठीक आहे. त्यांच्या जन्माचे दाखले दवाखान्यातच टाइप होऊन हातात पडले. माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो एका कागदाचा राग आहे, म्हणून कागदावरच उतरवते.

आमचं घर आष्ट्याला, गावाबाहेरच्या वस्तीत. माझे वडील, म्हणजे आमचे आबा, पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनीवर आलेले. दीक्षा घेतली त्या साली त्यांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले, स्वतः नदीवर नेऊन सोडले आणि परत येऊन रिकाम्या कोनाड्याला चुना मारला. आई रडायला लागली तर म्हणाले, "पिढ्यान् पिढ्या पुजलं. एकदा तरी वळून बघितलं का त्यांनी तुझ्याकडं?" वस्तीत वंदना घ्यायला तेच पुढे उभे राहायचे. आवाज परेडचा होता. त्यांनी शरण म्हणायला सुरुवात केली की पोरं नकळत टाचा जुळवायची.

माझं स्थळ आलं उंब्रजचं. मुलगा विलायतेला, लोखंड ओतायच्या कारखान्यात. सहा आठवड्यांची रजा काढून लग्नाला आलेला. मी सातवीची फायनल पास झालेले, म्हणून मला पसंत केलं, असं सासरे चारचौघांत सांगायचे. लग्नाला पांढरी साडी, दोन तसबिरींपुढं मेणबत्त्या, त्रिशरण, पंचशील, हार, आणि मग पंगतीला बुंदी. होम नाही, अंतरपाट नाही, घटका बघणं नाही. बायका म्हणाल्या, "लागलं पण व्हय गं? आमी अजून अक्षदाच शोधतोय."

पंगत उठायच्या आधी आबांनी एक काम केलं. फुलस्केप कागद घेतला आणि आपल्या सरळ, रांगेत उभ्या केल्यासारख्या अक्षरात लग्नाचा दाखला लिहिला. शब्द मला पाठ आहेत. 'आज रोजी आमचे कन्येचा विवाह बौद्ध पद्धतीने झाला. सदर विवाहात अग्नी नव्हता. भटजी नव्हता. मुहूर्त पाहिला नाही. सप्तपदी झाली नाही. हुंडा दिला नाही, घेतला नाही. सर्व काही स्वखुशीने व माणुसकीने झाले.' खाली पाच पंचांच्या सह्या, त्यातले दोन अंगठे. आबांनी तो कागद दोनदा मोठ्यानं वाचला आणि लोकांनी दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. लग्नात काय झालं त्यापेक्षा काय झालं नाही हेच त्यात जास्त होतं, आणि त्याचाच सगळ्यांना अभिमान होता. मलाही होता, खोटं कशाला बोलू.

लग्नानंतर चौथ्या आठवड्यात नवरा परत गेला. जाताना म्हणाला, "वर्षाच्या आत बोलावून घेतो. बायकोला यायला आडकाठी नाही. फक्त कागद जमव."

फक्त! ज्यानं हा शब्द वापरला तो आगबोटीत बसून निघून गेला. मी राहिले एस.टी.त. उंब्रजहून कराड, कराडला गाडी बदलून इस्लामपूर, तिथून आष्टा, आणि काम असेल तर पुढं सांगली. शाळेच्या दाखल्यावर जिल्हा होता 'दक्षिण सातारा'. मधल्या काळात त्याच जिल्ह्याला सांगली नाव पडलेलं. एका टेबलावरच्या कारकुनानं दाखला उलटापालटा केला आणि विचारलं, "हा जिल्हा कुठं आला?" मी म्हणाले, "तुम्ही बसलाय तिथंच." या उत्तराबद्दल मला एक महिना हेलपाटे घालावे लागले. रेशनकार्डावर सासरी नाव चढवायचं तर माहेरच्या कार्डातून कमी केल्याचा दाखला हवा, आणि माहेरचा माणूस म्हणणार, आधी सासरी चढवून आणा, मग कमी करतो. आष्ट्यात म्हणायचे, तू आता उंब्रजची. उंब्रजला म्हणायचे, लग्न आष्ट्यात लागलं ना, मग तिकडंच विचार. मी दोन जिल्ह्यांची होते, म्हणजे कुणाचीच नव्हते.

फोटोचंही तेच. सासूबाई म्हणाल्या, सासुरवाशीण हाय, डोईवर पदर पायजे. फॉर्म म्हणत होता, कान दिसले पाहिजेत. कराडच्या फोटोवाल्यानं पदर कानांच्या मागं दाबून बसवला. त्या फोटोत मी कुणाच्या तरी हातून मार खाऊन आल्यासारखी दिसते. देवीची लस टोचून घेतली, ती पिकली, आठ दिवस तापानं फणफणले. त्याचाही दाखला होता.

असं सव्वा वर्ष गेल्यावर पासपोर्ट आला. आबांनी तो हातात घेऊन नवऱ्याच्या नावाचा रकाना तीनदा वाचला. मला वाटलं, सुटले. आता मुंबईला इंग्रजांच्या वकिलातीत जायचं, तिथून आत शिरायची परवानगी घ्यायची, की झालं. तिथं लग्नाचा पुरावा लागेल असं नवऱ्यानं कळवलं होतं. पुरावा तर आमच्याकडं पहिल्या दिवसापासून होता. त्याच्यावर सरकारी शिक्का तेवढा घ्यायचा राहिला होता, म्हणून आबा आणि मी सांगलीत एका कचेरीत गेलो.

पासष्टची लढाई नुकतीच संपलेली. कचेरीच्या कंपाउंडावर चुन्यानं जवानांचा जयजयकार लिहिलेला होता. आबा मुद्दाम छातीवर पदकांच्या फिती लावून आले होते. टेबलावरचा कारकून सभ्य माणूस होता. त्यानं आबांना खुर्ची दिली, मला स्टूल दिलं. मग फुलस्केप उघडला आणि शेजारच्या टेबलांना ऐकू जाईल असा वाचायला लागला.

"अग्नी नव्हता. भटजी नव्हता. मुहूर्त पाहिला नाही. सप्तपदी झाली नाही." त्यानं चष्मा काढला. "हवालदार, मग झालं काय?"

सगळी कचेरी हसली. वाईट हसली असं नाही. चहाच्या वेळेला हसतात तशी हसली. आबा खुर्चीतून उठून उभे राहिले होते, सावधान. त्यांना वाटलं असावं, आपला कागद वाचला जातोय, तर उभं राहायला हवं.

"लगीन झालं," आबा म्हणाले.

"ते तुम्ही म्हणता. कायद्याला सात पावलं लागतात. तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून दिलंय की ती टाकली नाहीत. उद्या यावर शिक्का मारला तर साहेब मला विचारेल, अरे, न लागलेल्या लग्नाला तू शिक्का कसा मारलास? आणि मुंबईला तो गोरा साहेब तर चिरून बघतो. अशी कितीतरी बायकांची प्रकरणं त्यानं परत पाठवलीत."

मी विचारलं, दुसरा मार्ग नाही का. होता. नोंदणीचं लग्न. पण त्याला नवरा जातीनं हजर हवा, आणि नवऱ्याला आता दोन वर्षं रजा नव्हती. मग कारकुनानं आवाज खाली आणला आणि खऱ्याच आपुलकीनं सांगितलं, "स्टँपपेपरवर दुसरा कागद करून आणा. लग्न हिंदू पद्धतीनं, अग्नीसमोर, सप्तपदी चालून झालं. खाली मुलीच्या बापाची सही. मी डोळे मिटून शिक्का मारतो. आणि हा पहिला कागद कुणाला दाखवू नका."

"आवं सायेब, पर ते झालंच न्हाई तर लिवू कसं?"

"झालं नाही ते मला कळतंय हो. कागदात झालं पाहिजे."

आबांनी फुलस्केप घडीवर घडी घालून खिशात ठेवला.  आष्ट्याला उतरल्यावर म्हणाले, "न्हाई जमायचं. पोरी, त्यो म्हनतोय तसं लिवलं तर मी टाक नदीत सोडलंच न्हाईत असं व्हईल."

मी मान हलवली. तेव्हा मलाही ते पटलं होतं. शहाणपण फुकट असतं तोवर सगळ्यांनाच पटतं.

पुढचे आठ महिने मी उंब्रजला काढले. पाण्याला गेले की बायका विचारायच्या, "आगं, कवा जायाची तू?" मग हळूहळू 'कवा' गेलं. एकीनं सरळच विचारलं, "टाकली न्हवं तुला? सांग की, लपवायचं काय त्यात? तिकडं मड्डम घावली असंल." सासूबाई तोंडानं काही बोलत नव्हत्या, पण कुणाच्या बारशाला, लग्नाला मला पुढं करणं त्यांनी बंद केलं. नवऱ्याची निळी पत्रं यायची. त्यात आधी थंडी असायची, मग कारखाना, आणि शेवटी घाई. इकडं लोक कायदा बदलणार म्हणतात, दार बंद झालं तर माझ्या हातात काही नाही, असं त्यानं लिहिलं. एका पत्रात विचारलं होतं, 'तुझे वडील एका सहीसाठी अडून बसलेत हे खरं का?' ते वाक्य वाचलं आणि माझं डोकं फिरलं. राग नवऱ्याचा यायला हवा होता, कारकुनाचा यायला हवा होता. आला आबांचा. जो आपला असतो त्याच्यावरच राग काढता येतो.

दुसऱ्या दिवशी मी आष्ट्याला गेले. आबा ओसरीवर वस्तीतल्या मुलांची पुस्तकं शिवत बसले होते. मी पाणीसुद्धा प्याले नाही.

"आबा, सही करायची का न्हाई?"

ते दाभण खाली ठेवून म्हणाले, "बस आधी."

"बसायला न्हाई आले. तुमच्या धम्मापायी मी टाकलेली म्हणून मरायचं का? तुमच्या टाळ्या वाजल्या, तुमचं नाव झालं. पाण्यावर बायका मला इचारत्यात, तुमाला न्हाई इचारत. टाकलेली पोरगी घरात ठेवायची असंल तर तसं सांगा. ही वळकटी सोडते हितंच."

हे शब्द माझे आहेत. त्यांतला एकही मला परत घेता आलेला नाही. आई आतून धावत आली आणि माझ्या तोंडावर हात ठेवला, पण तोवर बोलून झालं होतं. आबांनी पुस्तकं गोळा केली, ओळीनं लावली आणि आत जाऊन कोट घालून आले. फिती लावल्या नाहीत.

कचेरीबाहेर लिंबाखाली स्टँप लिहून देणारे बसायचे. आमच्या वाट्याला आलेला मनुष्य तोंडात तंबाखू धरून बोलायचा. त्याला हे काम नवं नव्हतं. "बौद्ध ना? कालच दोन करून दिले," म्हणाला. मग एकेक विचारायला लागला. लग्न किती वाजता? मुहूर्त कुठला घालू, गोरज घालू? होम कुणी पेटवला? आबा एकाही प्रश्नाला बोलले नाहीत. सगळी उत्तरं मी दिली. मी माझं दुसरं लग्न तिथं उभ्या उभ्या लावलं. गोरज मुहूर्त, शेणानं सारवलेलं अंगण, पाटावर तांदळाचे सात ढीग. मैत्रिणींच्या लग्नात मी लांबून बघितलं होतं, त्याचा असा उपयोग झाला.

"भटजींचं नाव?"

आता मात्र मीही अडले. तो हसला. "असू दे. आपल्याकडं एक वारलेले आहेत, त्यांचं घालतो. त्यांची साक्ष काढायला कोण जातंय?"

म्हणजे जो ब्राह्मण जिवंतपणी आमच्या वस्तीच्या वाऱ्याला उभा राहिला नसता, त्यानं मेल्यावर येऊन माझं लग्न लावलं. तेव्हा हसू आलं नाही. आता येतं, आणि ते काही चांगलं हसू नाही.

शेवटी जातीधर्माचा रकाना. त्यानं न विचारता 'हिंदू' लिहिलं आणि पुढं आमची जुनी जात लिहिली, जो शब्द आबांनी दहा वर्षांत घरात उच्चारू दिला नव्हता. कागद आबांपुढं सरकवला. आबांची सही इंग्रजीत असायची आणि तिच्यापुढं कायम 'एक्स हवालदार' असायचं, अगदी दुधाच्या वहीवरसुद्धा. त्या दिवशी त्यांनी नुसतं नाव लिहिलं. कारकुनानं शब्द पाळला, शिक्का मारला, वर मला "सुखी रहा" म्हणाला.

त्यानंतरच्या पौर्णिमेला वस्तीत वंदना होती. सगळे आबांची वाट बघत थांबले. आबा मागच्या रांगेत बायकांच्या अलीकडं उभे होते. एक दोघांनी "आवं दादा, फुडं या की" म्हटलं, तर म्हणाले, "घसा बसलाय." तो पुढं कायमच बसलेला राहिला. वस्तीत कुणाला काही माहीत नव्हतं. मला आणि आईला होतं.

मुंबईला माझ्याबरोबर आबाच आले, कारण सासऱ्यांना इंग्रजीची भीती वाटायची. साताऱ्याकडनं निघालेली एस.टी. खंडाळ्याला थांबली तेव्हा चहा पिताना ते पहिल्यांदा त्या सहीबद्दल बोलले. "पलटनीत आमचा गोरा सायेब माज्या हातचं पानी प्याचा. कवा इचारलं न्हाई त्यानं, तू कोन म्हनून. मला वाटलं, पोरगी अशा मुलखात जाती का जिथं कुनी इचारत न्हाई. एकाला तरी तसा मुलूख घावंल. म्हनून केली सही. तुज्या बोलण्यावर न्हाई केली." त्यांनी मला माफ केलं होतं, असं मी तेव्हा समजले आणि हलकी झाले.

वकिलातीत आबांना आत सोडलं नाही. आत एक गोरा अधिकारी, आणि त्याचं बोलणं मराठीत सांगायला एक बाई. त्यानं पासपोर्ट बघितला, नवऱ्यानं तिकडून पाठवलेले कागद बघितले. मग विचारलं, पत्रं येतात का. मी पिशवीतला गठ्ठा काढून दिला. त्यानं एकही पत्र उघडलं नाही, नुसते वरचे शिक्के बघितले. नवरा राहतो कुठं, असं विचारलं. मी सांगितलं, एक खोली आहे, शेगडी जिन्याखाली आहे, आंघोळीचं पाणी आठवड्यातून एकदा तापतं. बाईनं ते सांगितल्यावर तो हसला. त्यानं माझ्या पासपोर्टावर शिक्का मारला. एवढंच.

बाकीचे कागद त्यानं माझ्याकडं सरकवले. त्यात स्टँपपेपर वरच होता. मी बाईला म्हणाले, "हा बघायचा राहिला. लग्नाचा. सप्तपदीचा."

"तो लागत नाही," बाई म्हणाली. "नवऱ्यानं लिहून दिलंय ना तिकडून, की तू त्याची बायको आहेस. पत्रं आहेत. लग्न कुठल्या पद्धतीनं लागलं ते इथं विचारत नाहीत."

"आमच्याकडं आधीचा एक साधा कागद होता. वडिलांनी लिहिलेला."

"तो चालला असता. काहीच नसतं तरी बहुतेक चाललं असतं."

स्टँपपेपरला लावलेली टाचणीसुद्धा कुणी काढली नव्हती. तो हातात घेऊन मी जिना उतरले. फाटकाबाहेर आबा उन्हात उभे होते. सावली चार पावलांवर होती, पण तिथून दार दिसत नव्हतं.

"मिळालं?"

"मिळालं."

त्यांचा चेहरा उजळला, मग पुन्हा बारीक झाला. "माजा कागुद बघितला?"

एवढं सगळं करून घेतलं ते फुकट गेलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यांच्या ओसरीवर मी जे बोलले होते ते सगळं आठवलं. मी म्हणाले, "बघितला. सबंध वाचून घेतला त्यानं. म्हणाला, ह्या कागदामुळंच काम झालं."

आबांनी मान हलवली. 

"म्हंजे त्येंनाबी अग्नी लागतोच म्हनायचा," ते म्हणाले, आणि स्टेशनच्या दिशेनं चालायला लागले.

मला हाक मारायला हवी होती. मारली नाही. आगबोट सुटायला पंधरा दिवस होते, तेव्हाही सांगितलं नाही. विलायतेत आल्यावर मी त्यांना अकरा वर्षं पत्रं लिहिली. हवा लिहिली, मुलांची दुखणीखुपणी लिहिली. रंगावरून लोक खोली नाकारतात हेही लिहिलं. पण माझं लग्न कसं लागलं, मी जन्मानं कोण, हे इथं मला एकाही गोऱ्या माणसानं कधी विचारलं नाही. एवढं एक वाक्य लिहायचं होतं. ते लिहिलं असतं तर त्या दिवशी मी खोटं बोलले हे उघड झालं असतं, म्हणून प्रत्येक वेळी पुढच्या पत्रावर ढकललं. मग आष्ट्याहून तार आली.